'शार्लट्स वेब'चे खर्डे वाचायचे असतील तर

ई. बी. व्हाइट यांची 'शार्लट्स वेब' ही मुलांची कादंबरी ऑक्टोबर १९५२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. विल्बर हे डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचावा म्हणून जाळ्यात शब्द विणणारी शार्लट ही मादी कोळी, यांच्या मैत्रीची ही गोष्ट. पुस्तक उघडलं की आठ वर्षांची फर्न आईला विचारते, बाबा कुऱ्हाड घेऊन कुठे निघालेत? सकाळची वेळ आहे, टेबलावर नाश्त्याची मांडामांड चालली आहे, आणि पहिल्याच ओळीत मरण दाराशी आलेलं आहे. उत्तम सुरुवातीचं उदाहरण म्हणून हे वाक्य वारंवार दिलं जातं.

व्हाइटना ते पहिल्या फटक्यात सुचलेलं नव्हतं. गोष्ट त्यांनी आधी वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून पाहिली आणि एकेक सुरुवात बाजूला ठेवली. हे कागद न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात, कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. ते पाहण्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही आणि पीएच.डी.चा विषयही लागत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याने, शिकवणाऱ्याने किंवा नुसत्या प्रेमाने वाचणाऱ्यानेही तिथे जावं, आणि जाणं शक्य नसेल तर घरबसल्या जेवढं मिळवता येतं तेवढं मिळवावं. अशा संग्रहाची वाट पूर्वी कधी न तुडवलेल्यांसाठी हा लेख आहे.

एक आग्रह आधीच सांगून टाकते. सगळं पाहायला जाऊ नका. एक प्रकरण निवडा आणि त्याचाच पाठपुरावा करा. नवखा वाचक पहिल्या दिवशी दहा फोल्डर उघडतो आणि संध्याकाळी त्याच्याकडे तीनशे फोटो असतात, पण सांगण्यासारखं एकही वाक्य नसतं. एका प्रकरणाच्या मागे लागलेला माणूस लेखकाचा हात ओळखायला शिकतो.

घरी करायची तयारी

कादंबरी पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. बावीस प्रकरणं आहेत, दोन बैठकांत होतात. जे प्रकरण निवडणार असाल ते जवळजवळ पाठ व्हायला हवं. खर्डा समोर आला की 'हे छापील पुस्तकात नाही' हे तुम्हाला क्षणात कळलं पाहिजे. वाचनकक्षात दर ओळीला पुस्तक उघडून ताडत बसलात तर सकाळ निघून जाते.

त्यानंतर व्हाइट यांचा १९४८ च्या जानेवारीत 'अटलांटिक मंथली'त आलेला एक निबंध वाचा. मेन राज्यातल्या त्यांच्या शेतावर एक डुक्कर आजारी पडलं, त्याला वाचवण्यासाठी त्यांनी धडपड केली आणि ते मेलं, एवढीच त्यातली हकिकत आहे. कापायसाठीच पाळलेल्या जनावराच्या मरणाने माणूस इतका का हलतो, हा त्या निबंधातला सल पुढे कादंबरीत विल्बरचं रूप घेऊन येतो. कादंबरीत डुक्कर वाचतं. हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की व्हाइट हे पुस्तक लिहायला का बसले असतील याचा अंदाज येऊ लागतो.

मग त्यांची पत्रं. ती १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात सप्टेंबर १९५२ चं, संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांना लिहिलेलं एक पत्र आहे. हे पुस्तक का लिहिलंत, या प्रश्नाचं उत्तर व्हाइट त्यात देतात. शेतावर एक कोळी त्यांच्या पाहण्यात होता. त्याने अंड्यांची पिशवी विणली. ती पिशवी व्हाइट यांनी गोड गोळ्यांच्या डबीत घालून न्यूयॉर्कच्या घरी आणली आणि कपड्यांच्या कपाटावर ठेवून दिली. डबीला भोकं पाडलेली होती. काही आठवड्यांनी त्यातून इवलाली पिल्लं बाहेर पडली आणि तिथल्या वस्तूंना धागे बांधू लागली. हे पत्र आधी वाचलेलं असेल तर कोळ्यांविषयीची टिपणं हातात येतील तेव्हा ती कुठून आली हे तुम्हाला ठाऊक असेल.

शेवटी पीटर न्यूमायर यांनी संपादित केलेली या कादंबरीची टीपांसह आवृत्ती, १९९४ ची. न्यूमायर यांनी कॉर्नेलमधले खर्डे पाहून समासात टीपा दिल्या आहेत आणि काही पानांच्या प्रतिमाही छापल्या आहेत. मूळ कागद कोऱ्या मनाने पाहावेत, दुसऱ्याचं वाचन आधी डोक्यात भरू नये, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. तिथे तुमच्याकडे मोजके तास असणार आहेत. जे आधीच कुणी शोधून ठेवलंय ते पुन्हा शोधण्यात ते घालवू नयेत.

सूची वाचणं

व्हाइट कॉर्नेलचेच विद्यार्थी, १९२१ चे पदवीधर. आपले कागद त्यांनी आपल्याच विद्यापीठाला दिले. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या विभागात या संग्रहाचा क्रमांक ४६१९ आहे. पुढच्या प्रत्येक पत्रात आणि मागणीत हा क्रमांक लिहायचा.

संग्रहाची सूची ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खुली आहे. पेटी, पेटीतलं फोल्डर आणि त्यात काय आहे याची एक-दोन शब्दांत नोंद, अशी तिची मांडणी असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी रुमालात बांधलेले गठ्ठे सोडून कागद पाहिले आहेत त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही. रुमालाच्या जागी इथे पेटी आहे, इतकंच. सूची आतला मजकूर सांगत नाही. ती फक्त कुठे हात घालायचा ते सांगते.

कादंबरीचं नाव घालून शोध घेतलात की खर्डे आणि टिपणं सापडतील. तिथे थांबू नका. पत्रव्यवहारात जा, आणि त्यासाठी नावांची थोडी माहिती हवी. व्हाइट यांचं पाळण्यातलं नाव एल्विन ब्रूक्स, पण कॉर्नेलमध्ये व्हाइट आडनावाच्या मुलाला 'अँडी' म्हणायची रीत होती. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांच्यावरून ती पडली. ते नाव जन्मभर चिकटलं. म्हणून मित्रांची, सहकाऱ्यांची, बायकोची पत्रं 'अँडी'ला लिहिलेली दिसतील; हा अँडी कोण म्हणून गोंधळू नका. प्रकाशकाचंही तसंच. पुस्तक आलं तेव्हा संस्थेचं नाव हार्पर अँड ब्रदर्स होतं, १९६२ पासून ते हार्पर अँड रो झालं. दोन्ही नावांनी शोधा. एका नावाने शोधून हात हलवत परतलेली मंडळी पुष्कळ असतील.

प्रश्न ठरवणं

'व्हाइट यांची लेखनप्रक्रिया' हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर कागदावर बोट ठेवून दाखवता येईल. फर्न पहिल्या पानावर केव्हा आली? शार्लटच्या मरणाचं प्रकरण पहिल्या खर्ड्यात किती लांब होतं आणि छापताना किती उरलं? टेंपलटन उंदराचे संवाद कुठे धारदार झाले? असा एक प्रश्न कागदावर लिहून सोबत ठेवा. सूचीतली पेटी मागवायची की नाही, हेही तोच ठरवेल.

नाव नोंदवणं, कागद मागवणं

हा भाग सरळ आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचक म्हणून खातं उघडायचं, हव्या त्या पेट्यांची मागणी आधीच नोंदवायची, आणि पहिल्या दिवशी फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट न्यावा. सगळ्या पेट्या त्याच इमारतीत असतील असं धरून चालू नका. मोठी ग्रंथालयं बराचसा संग्रह दूरच्या गोदामात ठेवतात आणि तो आणायला वेळ लागतो. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिथल्या ग्रंथपालांना एक नेमकं पत्र लिहा: कोण आहात, काय शोधताय, कोणत्या पेट्या लागतील, कोणत्या तारखांना येताय. वेळा आणि सुट्ट्याही तेव्हाच विचारून घ्या, कारण सत्र संपलं की त्या बदलतात.

पत्र लिहिताना संकोच करू नका. हस्तलिखितांची माणसं अशा पत्रांची वाट पाहत असतात. सूचीत एका ओळीत दडलेली गोष्ट त्यांना पेटीसकट माहीत असते.

न्यूयॉर्क शहरापासून इथाका साधारण साडेतीनशे किलोमीटरवर आहे, बसने चार-पाच तास. न्यू जर्सीत नात्याचं कुणी असेल तर तिथे मुक्काम ठेवून पुढे जाणं सोयीचं पडतं, पण एका दिवसात जाऊन-येऊन हे काम होत नाही. हिवाळ्यात बर्फ फार पडतं. जमल्यास मे ते ऑक्टोबर यांमध्ये जा.

वाचनकक्षात

हा विभाग क्रॉक ग्रंथालयात आहे आणि ते ग्रंथालय जमिनीखाली बांधलेलं आहे. दारात बॅग, कोट, पाण्याची बाटली आणि पेन ठेवून आत जायचं. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि फोन. शाईचा एक थेंब पडला तर तो कायमचा, म्हणून पेनला बंदी.

एका वेळी एक पेटी, पेटीतून एक फोल्डर, फोल्डरमधून एक पान. पानांचा क्रम हलवायचा नाही, तो चुकीचा दिसत असला तरी. चुकलेला वाटणारा क्रमही पुरावा असू शकतो, आणि खरोखर चूक असेल तर ती सुधारणं ग्रंथपालांचं काम. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची आपल्यातल्या अनेकांची सवय इथे जाणीवपूर्वक सोडा. हात धुऊन, कोरडे करून बसा. साध्या कागदांसाठी हातमोजे सहसा लागत नाहीत. मोज्यांत बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात.

फोटो सहसा काढू देतात, फ्लॅशशिवाय आणि तिथले नियम पाळून. फोटो काढण्याची एक शिस्त पहिल्या पानापासून लावून घ्या. प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला त्याच्यावरच्या नावाचा आणि क्रमांकाचा फोटो, मग आतली पानं क्रमाने, मागची बाजू कोरी असली तरी तीसुद्धा. लेखक मंडळी पाठकोऱ्या कागदांवर भरपूर लिहितात. आणि पहिले दोन तास फोनला हातच लावू नका. नुसतं वाचा. डोळा हस्ताक्षराला सरावल्यावर कोणती पानं खरोखर हवीत ते आपोआप कळतं.

खर्ड्यांचा क्रम लावणं

नवख्याला सगळ्यात अवघड जातं ते हे. बऱ्याच पानांवर तारीख नसते. मग आधी कोणतं आणि नंतर कोणतं?

बाहेरून मिळालेल्या तारखा खुंट्यांसारख्या ठोकून घ्या. पहिला पूर्ण खर्डा जानेवारी १९५१ मध्ये झाला. मार्च १९५१ मध्ये व्हाइट नॉर्डस्ट्रॉम यांना कळवतात की मुलांसाठी आणखी एक पुस्तक लिहून झालंय, पण ते मुरावं, त्यातली धग जावी म्हणून बाजूला ठेवलंय. पुढे त्यांनी त्यात मोठे बदल केले आणि १९५२ च्या वसंतात हस्तलिखित स्वतः हार्परच्या कार्यालयात नेऊन दिलं, न कळवता. त्याची दुसरी प्रत नव्हती, असं नॉर्डस्ट्रॉम यांनी नंतर लिहिलं आहे. म्हणजे पहिला खर्डा आणि शेवटचा मजकूर यांच्यात सुमारे वर्षभराचं अंतर आहे, आणि या पुस्तकाचं भाग्य त्या वर्षात ठरलं. तुम्ही शोधताय ते बहुधा तिथेच आहे.

मग आतले पुरावे. एका पानावर खोडून वर घातलेला शब्द दुसऱ्या पानावर सरळ ओळीत स्वच्छ लिहिलेला दिसला, तर दुसरं पान नंतरचं. हा नियम नव्वद टक्के कामाचा, पण स्वच्छ पान नेहमी नंतरचं असतं असं उलट धरू नका. कधीकधी लेखक जुन्या, सुबक पानाकडे परत जातो. नावांवरही लक्ष ठेवा. व्हाइट यांनी आधी कोळ्याची जात वेगळी समजून शार्लटचं आडनाव 'एपीरा' ठेवलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात चौकशी करून त्यांनी जात नक्की केली, धान्याच्या कोठारात जाळं विणणारी 'कॅव्हॅटिका', आणि आडनाव बदललं. तेव्हा पानावर कोणतं आडनाव आहे ते आधी पाहा. तारखेच्या शिक्क्याइतका तो पुरावा बोलका असतो.

पहिलं प्रकरण: इथे मुक्काम करा

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझं मत घ्या, पहिलंच प्रकरण निवडा. न्यूमायर यांच्या आवृत्तीमुळे तुमच्या हाती नकाशा असेल आणि कागद इतके बोलके आहेत की दुभाष्या लागत नाही.

एका सुरुवातीत व्हाइट थेट शार्लटपासून निघतात, दारात राहणारी मोठी राखाडी कोळी. पण लगेच म्हणतात की विल्बरविषयी बोलल्याशिवाय तिच्याविषयी बोलून उपयोग नाही. पहिल्याच दोन वाक्यांत लेखक स्वतःला अडवतो आहे. गोष्ट इथून सुरू होत नाही, हे त्यांच्या हाताला कळलंय आणि हाताने ते लिहूनही टाकलंय.

दुसऱ्या सुरुवातीत गोठा येतो, त्याचा वास, त्यातली जनावरं. व्हाइट यांचं त्या गोठ्यावर प्रेम होतं आणि ते वर्णन सुंदर आहे. तरी पहिल्या पानावरून ते गेलं. गेलं म्हणजे फेकलं नाही. छापील पुस्तकात तिसरं प्रकरण उघडा. तिथे गोठ्याचं लांबलचक वर्णन आहे, गवताचा आणि शेणाचा वास, घोड्यांचा घाम. तोवर विल्बर गोठ्यात राहायला आलेला असतो आणि आपल्याला त्याची काळजी वाटू लागलेली असते, त्यामुळे तेच वर्णन आपण त्याचं नवं घर म्हणून वाचतो. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एक उदाहरण तरी समोर ठेवावं. वर्णन नको असतं असं नाही. त्याची वाट पाहणारं कुणीतरी आधी पानावर हवं.

आणखी एका सुरुवातीत फर्नचा बाप जॉन अ‍ॅरेबल मध्यरात्री बूट चढवतो, कंदील पेटवतो आणि डुकरांच्या खोपटाकडे जातो. पिल्लं जन्मतायत. प्रसंग चांगला आहे, अंधार आहे, कंदील आहे. चित्रपटवाला हाच निवडेल. छापील पुस्तकात त्या सगळ्या रात्रीचं काय उरलं? काल रात्री काही पिल्लं झाली, एवढं आईचं एक वाक्य. आख्खा प्रसंग एका वाक्यात गेला.

आणि मग फर्न. ती मूळ कल्पनेत नव्हतीच म्हणायला हरकत नाही. तिला एवढी मोठी जागा मिळाली ती नंतरच्या फेरलेखनात. व्हाइट यांनी गोष्ट मागे नेली, विल्बरच्या जन्मानंतरच्या पहिल्या सकाळपर्यंत, आणि मरणाचा निवाडा एका मुलीच्या हातात दिला. बाप कुऱ्हाड घेऊन निघालेला आहे कारण एक पिल्लू रोडकं आहे. मुलगी कुऱ्हाडीला लोंबकळते आणि विचारते, मी जन्मताना लहान असते तर मला मारलं असतं का? या एका प्रश्नाने पुस्तकभर पुरेल एवढा पेच तयार होतो. पुढे शार्लट शब्द विणून जे वाचवते ते फर्नने आधीच एकदा वाचवलेलं असतं.

इथे तुमचं काम सुरू होतं. फर्न नसलेल्या खर्ड्यातलं एक प्रकरण घ्या, छापील प्रकरण शेजारी ठेवा, आणि फर्न जिथे जिथे नव्याने आली ती प्रत्येक जागा टिपा. कुठे ती स्टुलावर बसून नुसती ऐकतेय? कुठे तिच्यामुळे संवाद बदलला? तिच्या आईची काळजी आणि डॉक्टर डोरियन यांच्याशी झालेलं बोलणं कोणत्या टप्प्यावर आलं? आणि शेवटी जत्रेत तिचं मन पाळण्याकडे आणि हेन्री फसी या मुलाकडे वळतं, ते कधी ठरलं? एवढ्या प्रश्नांची उत्तरं तक्त्यात मांडलीत तर तुमच्या हातात एक स्वतंत्र निबंध तयार आहे.

कोळ्यांची टिपणं

ही पानं वगळू नका. व्हाइट यांनी कोळ्यांचा अभ्यास गंभीरपणे केला. संग्रहालयातले कोळीतज्ज्ञ विलिस गर्ट्श यांचं अमेरिकी कोळ्यांवरचं पुस्तक १९४९ मध्ये आलेलं होतं, त्याचा त्यांनी आधार घेतला. टिपणातला कोणता तपशील पुस्तकात शिरला आणि कोणता बाहेर राहिला हे पाहणं फार शिकवून जातं. नवव्या प्रकरणात शार्लट आपल्या पायाचे सात भाग नावांसकट सांगते. ती नावं शास्त्रातलीच आहेत, एकही बनवलेलं नाही. मुलांना अवघड जाईल म्हणून त्यांनी ती सोपी केली नाहीत. त्या लांबलचक नावांचीच गंमत केली.

कथानकाची शिस्तही तिथूनच आली. ही मादी शरद ऋतूत अंडी घालते आणि मरते. वसंतात पिल्लं निघतात आणि हवेवर धागा सोडून उडून जातात. शार्लटचं मरण वाचकाला रडवण्यासाठी रचलेलं नाही, ते त्या जीवाच्या वर्षात लिहिलेलं आहे. हे ध्यानात ठेवून शेवटची दोन प्रकरणं वाचा.

दुसऱ्यांचे हात

खर्ड्यावर लेखकाशिवाय आणखी कुणाचे ठसे आहेत, हे ओळखायला शिका. या पुस्तकात संपादकाने फार ढवळाढवळ केलेली नाही. पण एकविसाव्या प्रकरणाचं नाव 'शेवटचा दिवस' असं आहे ते नॉर्डस्ट्रॉम यांच्या सूचनेवरून. आधीच्या शीर्षकात शार्लटचं मरण सरळ सांगितलेलं होतं आणि अनुक्रमणिका चाळणाऱ्या मुलाला ते आधीच कळलं असतं. एवढासा बदल, पण संपादकाचं काम काय असतं ते यावरून समजतं.

चित्रकार गार्थ विल्यम्स यांनी सुरुवातीला शार्लटला बाईचा चेहरा देऊन पाहिला. व्हाइट यांना ते नको होतं, त्यांनी कोळ्यांचं पुस्तकच धाडलं. अखेर शार्लट आहे तशीच कोळी राहिली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. त्याबद्दलचा पत्रव्यवहार जरूर पाहा, मात्र मूळ चित्रांसाठी इथाकाला जाऊ नका. मुखपृष्ठाचं मूळ चित्र २०१० मध्ये लिलावात विकलं गेलं.

व्हाइट यांच्या पत्नी कॅथरीन 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाच्या मोठ्या संपादक होत्या. त्यांचे कागद कॉर्नेलमध्ये शोधू नका. ते पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर महाविद्यालयात आहेत.

टिपून घेणं

खर्डा उतरवताना खुणांची एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मी सुचवेन की खोडलेला मजकूर चौकटी कंसात, ओळीवर घुसवलेला मजकूर दोन तिरक्या रेघांमध्ये, आणि न लागलेल्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह. अंदाजाने शब्द भरू नका. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर त्या दिवसाचा मजकूर त्याच दिवशी टंकलिखित करा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घाईच्या अक्षरांचाही भरवसा राहत नाही. प्रत्येक उताऱ्याखाली संग्रह क्रमांक, पेटी आणि फोल्डर लिहा. ते नसेल तर तो उतारा छापता येत नाही आणि दुसऱ्याला तपासताही येत नाही.

हक्क

कागद पाहायला मिळाले म्हणजे छापायला मिळाले असं नाही. कागद ग्रंथालयाचे, शब्दांचे हक्क लेखकाच्या वारसांचे. व्हाइट १ ऑक्टोबर १९८५ रोजी वारले. अमेरिकेत अप्रकाशित लेखनाचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे २०५५ च्या अखेरीपर्यंत चालतं. छापील कादंबरीचं तिथलं संरक्षण २०४७ च्या अखेरीस संपेल. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम आहे, त्यामुळे कादंबरीसाठी इथली मुदत २०४५ च्या अखेरीची. समीक्षेत चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि खर्ड्याचं आख्खं पान मराठीत आणून छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी लागते. पानाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधीही विचारा.

जाता येत नसेल तर

नाशिक किंवा नांदेडमध्ये बसूनही सुरुवात होते. सूची खुली आहे. न्यूमायर यांची आवृत्ती आणि पत्रांचं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत मिळतात. एवढ्यावरून प्रश्न तयार झाला की ग्रंथालयाला लिहा आणि पेटी-फोल्डर सांगून नेमक्या पानांच्या प्रती मागवा. पैसे पडतात, म्हणून 'या कादंबरीचं सगळं पाठवा' असं लिहू नका. 'पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीचे सगळे खर्डे, साधारण इतकी पानं' अशी मागणी पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हात बसला की बाकीचे संग्रह खुणावू लागतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या कर्लन संग्रहात केट डिकॅमिलो यांच्यासारख्या आजच्या लेखकांचे खर्डे आहेत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला सेव्हन स्टोरीज या संस्थेने २०१० मध्ये एनिड ब्लायटन यांची टंकलिखितं लिलावात मिळवली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांचा प्रचंड संग्रह आहे, पण त्या पहिला खर्डा लघुलिपीत लिहीत. ती लिपी वाचणारी माणसं आता विरळ आहेत, तेव्हा तिथे जाणार असाल तर आधी टंकलिखित प्रतींची मागणी नोंदवा आणि लघुलिपीच्या वह्यांपैकी कोणत्या उलगडून झाल्या आहेत ते ग्रंथपालांना विचारून घ्या.